व्हॉल्व्हचा जुना रेडिओ: कंपनी कशी ओळखायची आणि चालू कसा करायचा?

माडीवरचा_रेडिओ

नमस्कार. जुन्या घराच्या माडीवर व्हॉल्व्हचा एक रेडिओ सापडला आहे. पुढची नावाची पट्टी निघून गेली आहे, मागचा पुठ्ठाही नाही. अजून प्लग लावलेला नाही. दिसतं ते लिहितो.

लाकडी कॅबिनेट, रुंदी ५५ सेंमीच्या आसपास. काचेवर मीडियम वेव्ह आणि तीन शॉर्ट वेव्ह, आकडे मीटरमध्ये. लाँग वेव्ह नाही. गावांच्या नावांत दिल्ली, लाहोर, सिलोन, रंगून वाचता येतात. व्हॉल्व्ह सहा: ईसीएच ८१, ईबीएफ ८९, ईबीसी ८१, ईएल ८४, ईझेड ८० आणि हिरव्या डोळ्याचा ईएम ८०. चासीच्या (सगळे भाग बसवलेल्या पत्र्याच्या सांगाड्याच्या) मागे एक गोल चकती आहे, तिच्यावर ११०, १२५, १४५, २००, २२०, २४५ असे आकडे. खूण आत्ता २२० वर आहे. चासीवर फिकट शिक्का आहे, त्यातलं शेवटचं 'ए' एवढंच लागतं. आत डांबर लावल्यासारख्या काळ्या नळकांड्या (कंडेन्सर असाव्यात) बऱ्याच आहेत. गँगच्या (स्टेशन लावायच्या फिरत्या कंडेन्सरच्या) पात्यांत कुंभारमाशीनं मातीचं घर केलं आहे.

हा कोणाचा आणि कधीचा असावा? एकदा लावून बघावा का? आणि कंडेन्सर सगळे बदलायचे की फक्त खराब झालेले?

कथील_काका

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: लावू नका. कारण खाली कोणीतरी लिहीलच, मी ओळखीचं बघतो.

व्हॉल्व्हच्या नावातच बरंच लिहिलेलं असतं. पहिलं अक्षर ई म्हणजे फिलामेंट ६.३ व्होल्टचं. यू असतं तर सगळी फिलामेंट्स १०० मिलीअँपिअरवर ओळीनं जोडलेली, म्हणजे ट्रान्सफॉर्मर नसलेला एसी-डीसी संच. त्यात चासी थेट लाइनला जोडलेली असते आणि नॉबच्या स्क्रूला बोट लागलं तरी शॉक बसू शकतो. डी असतं तर १.४ व्होल्टचा, वीज नसलेल्या गावांसाठीचा बॅटरी सेट. डीके ९६, डीएल ९६ अशा व्हॉल्व्हला कोणी ६ व्होल्ट दिले की फिलामेंट क्षणात जातं. पुढची अक्षरं कामाची: सीएच मिक्सर, बीएफ म्हणजे डायोड आणि पेंटोड एकत्र, एल आउटपुट, झेड दोन पात्यांचा रेक्टिफायर (एसीची डीसी करणारा), एम म्हणजे स्टेशन लागलं की मिटणारा डोळा. आकडा ८ ने सुरू झाला की नऊ पिनांचा नोव्हाल बेस, ४ ने सुरू झाला की आठ पिनांचा रिमलॉक. तुमचे सगळे ८ वाले आहेत, तेव्हा संच पन्नासच्या दशकाच्या मध्याआधीचा नाही. भारतात साठच्या दशकातही व्हॉल्व्हचे संच बनत होते, म्हणून नुसत्या व्हॉल्व्हवरून वरची मर्यादा काढता येत नाही.

लाँग वेव्ह नाही आणि शॉर्ट वेव्ह तीन, म्हणजे संच आपल्याकडच्या किंवा उष्ण कटिबंधातल्या बाजारासाठीचा. युरोपातल्या घरांसाठी केलेल्या संचात लाँग वेव्ह सहसा असते.

कंपनीबद्दल. ईएल ८४ आणि ईसीएच ८१ हे सगळ्यांनीच वापरले, ठाण्याच्या मर्फीपासून बुश आणि एचएमव्हीपर्यंत, त्यामुळे व्हॉल्व्ह हा पुरावा नाही. पुरावा त्या डांबरी नळकांड्या, ती चकती आणि शेवटचं 'ए'. हे तिन्ही फिलिप्सकडे बोट दाखवतात. फिलिप्सच्या नंबरात शेवटी ए म्हणजे फक्त एसी, यू म्हणजे एसी-डीसी, बी बॅटरी, टी ट्रान्झिस्टर. अजून एक खूण बघून सांगा: कॉइलजवळ पांढऱ्या चिनी मातीच्या बारीक नळीवर केसासारखी तार घट्ट गुंडाळलेले छोटे ट्रिमर आहेत का? ते असले की शंका राहत नाही.

साल काढायचं तर प्रत्येक व्हॉल्व्हच्या काचेवर तळाशी छापलेल्या दोन बारीक ओळी भिंगातून बघा. घासू नका, बोटानं पुसल्या जातात. दुसऱ्या ओळीत कारखान्याची खूण, मग सालाचा शेवटचा आकडा, मग महिन्याचं अक्षर (ए जानेवारी ते एल डिसेंबर), मग आठवडा. चारपाच व्हॉल्व्हचं साल एकच निघालं तर ते मूळचे आणि संचही त्याच सुमाराचा. एकच वेगळा निघाला तर तो नंतर बदललेला. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचा शिक्का असलेला व्हॉल्व्ह बहुधा असा मागाहून बसवलेला असतो, आणि तो चांगला असतो, टाकू नका. घरात रेडिओचं पूर्वी पोस्टातून मिळायचं ते लायसन्स बुक शिल्लक असेल तर तेही उघडून बघा.

डागणी

लावून का बघायचं नाही ते सांगतो. मुख्य इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सर (रेक्टिफायरनंतर डीसी सपाट करणारा) वर्षानुवर्षं वीज न मिळाल्यानं आतून शॉर्टसारखा झालेला असतो. प्लग लावला की ईझेड ८० वर भलता करंट येतो, व्हॉल्व्ह जातो, आणि त्याच्याबरोबर मेन ट्रान्सफॉर्मर. व्हॉल्व्ह अजून मिळतात. त्याच चासीत बसणारा ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घ्यावा लागतो.

क्रम असा ठेवा.

माती आधी काढा. गँगची पाती पूर्ण उघडी ठेवून मऊ ब्रश आणि हवा, लोखंडी टोक आत घालायचं नाही. एक पातं वाकलं तर त्या जागी स्टेशन लागताना करकर येते.

मग प्लग न लावता मल्टिमीटर. मेन ट्रान्सफॉर्मरच्या हायव्होल्टेज बाजूच्या दोन्ही अर्ध्या मोजा, मधल्या टॅपपासून ईझेड ८० च्या पिन १ आणि ७ पर्यंत. प्रत्येकी दीडशे ते चारशे ओहम यावेत आणि एकमेकांच्या जवळपास असावेत. आउटपुट ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी काही शे ओहम दाखवते. ती ओपन असेल तर संच अजिबात चालू करू नका, कारण ईएल ८४ च्या प्लेटला (करंट गोळा करणाऱ्या पात्याला) व्होल्टेज मिळत नाही, सगळा करंट स्क्रीन ग्रिड ओढते आणि ती जाळी लाल होते. पिन मोजताना चासी उलटी करून, खालून बघत, मोकळ्या जागेपासून घड्याळाच्या दिशेनं मोजा. वरून मोजलेली पिन हमखास चुकते.

मेन वायर बदलाच. रबर वाकवलं की भुगा होतं. नवी वायर आत जाते तिथे गाठ नको, क्लँप लावा. प्रायमरीच्या ओळीत ५०० मिलीअँपिअरचा स्लो फ्यूज टाका. लाइनपासून चासीपर्यंत छोटा कंडेन्सर असेल तर तो काढून टाका किंवा वाय-२ वर्गाचाच लावा, साधा ६३० व्होल्टचा तिथे चालत नाही: तो शॉर्ट झाला तर चासीवर लाइन येते.

मागची चकती (लाइनचं व्होल्टेज निवडायची) २४५ वर आणा. आपल्याकडे घरात २३० ते २४५ असतात. २२० वर ठेवून चालवला तर फिलामेंटला सात व्होल्टांच्या घरात जातात आणि व्हॉल्व्हचं आयुष्य घटतं.

आता सिरीज बल्ब. ६० वॅटचा तारेचा बल्ब, एलईडी नाही, लाइनमध्ये ओळीनं. ईझेड ८० काढून ठेवा आणि चालू करा. सगळी फिलामेंट्स आणि डायलचे दिवे मिळून २० वॅटच्या आसपास खातात, त्यामुळे बल्ब मंद पेटायला हवा. लख्ख पेटला तर ट्रान्सफॉर्मरच्या आत शॉर्ट आहे. वीस मिनिटं ठेवा. ट्रान्सफॉर्मर कोमट झाला तर ठीक. वॉर्निशचा वास आला किंवा हात ठेववत नसेल तर थांबा.

ईझेड ८० बसवायचा तो दोन कामं झाल्यावरच: मुख्य इलेक्ट्रोलायटिक बदलणं, आणि ईबीसी ८१ च्या प्लेटपासून ईएल ८४ च्या ग्रिडला (सिग्नल घेणाऱ्या जाळीला) जाणारा कपलिंग कंडेन्सर बदलणं. हा दुसरा विसरू नका.

इलेक्ट्रोलायटिकच्या डब्यावर ५०+५० लिहिलं असेल तर ४७ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्ट, १०५ डिग्रीचे दोन घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळतात. 'मोठा घातला तर हमिंग कमी होईल' म्हणून रेक्टिफायरलगत १०० चा लावायचा नाही. ईझेड ८० ला पहिल्या कंडेन्सरची मर्यादा ५० आहे. जुना डबा जागेवर राहू द्या, वायर सोडवून नवे खाली बसवा. डब्याचं निगेटिव्ह चासीलाच आहे का ते आधी तपासा. काही संचांत मध्ये बायसचा (ग्रिड कॅथोडपेक्षा निगेटिव्ह ठेवणारा) रेझिस्टन्स असतो, तिथे निगेटिव्ह चासीला टेकवलं की तो बायपास होतो आणि बायसच राहत नाही.

आत हात घालण्यापूर्वी दर वेळी मेन प्लग काढून १० किलोओहम ५ वॅटच्या रेझिस्टन्सनं कंडेन्सर रिकामा करा, आणि मीटरवर शून्य बघितल्याशिवाय बोट लावू नका.

मध्यमलहरी

डागणी यांनी लिहिलेला क्रम बरोबर आहे. 'सगळे बदलायचे का' यावर मात्र इथे दोन मतं आहेत. माझं मत: डांबरी आणि मेणाचे कागदी कंडेन्सर सगळे बदला, पण एका बैठकीत नाही. एक सोडवा, एक लावा, दोनतीन झाले की चालू करून बघा. वीस बदलून संच बंद पडला तर चूक सोल्डरच्या कुठल्या जोडात आहे ते शोधायला दोन दिवस जातात.

सिरॅमिक, मायका आणि आयएफटीच्या (मधल्या फ्रिक्वेन्सीच्या कॉइलच्या) डब्यातले कंडेन्सर बदलू नका. ते बहुतेक चांगले असतात आणि त्यांना हात लावला की अलाइनमेंट (स्टेशनं आपल्या जागी लागावीत म्हणून केलेली जुळणी) बिघडते. कागदी ०.०१ मायक्रोफॅरडच्या जागी १० नॅनोफॅरड ६३० व्होल्टचा फिल्म कंडेन्सर, ०.०५ च्या जागी ४७ नॅनो, ०.१ च्या जागी १०० नॅनो. एवढा फरक चालतो.

कार्बन रेझिस्टन्स कालांतरानं चढतात. २२० किलो आणि त्यावरचे तपासा, लिहिलेल्या किमतीपेक्षा २० टक्क्यांहून जास्त असतील तर बदला. मोजताना एक पाय सोडवा, नाहीतर शेजारच्या वाटेनं खोटा आकडा येतो.

माडीवरचा_रेडिओ

सगळ्यांचे आभार. काका, तारेचे ट्रिमर आहेत, चार. पाच व्हॉल्व्हच्या दुसऱ्या ओळीत सालाचा आकडा ८ आहे, ईझेड ८० भारत इलेक्ट्रॉनिक्सचा आहे.

सिरीज बल्बवर ट्रान्सफॉर्मर ठीक निघाला. इलेक्ट्रोलायटिक दोन्ही बदलले. कपलिंग कंडेन्सर मीटरवर ओहमवर तपासला, काहीच दाखवत नव्हता, म्हणून तसाच ठेवला. मग ईझेड ८० लावून थेट २३० वर चालू केला. आवाज येतो पण जाड आणि फाटका, दहा मिनिटांनी आणखी बिघडतो. मोजमापं: ईझेड ८० पिन ३ वर २२८ व्होल्ट. ईएल ८४ पिन ७ (प्लेट) वर २१५, पिन ३ वर १०.८ (कॅथोड रेझिस्टन्स १५० ओहम), पिन २ (ग्रिड) वर अधिक ६.२ व्होल्ट. फिलामेंट ६.४.

कथील_काका

आधी बंद करा, मग वाचा.

साल १९५८ धरायला हरकत नाही. १९६८ ची शक्यता कमी, तोवर ट्रान्झिस्टर आलेले होते.

आता आकडे बघा. कॅथोडवर १०.८ व्होल्ट भागिले १५० ओहम, म्हणजे ७२ मिलीअँपिअर. ईएल ८४ ला २५० व्होल्टवर प्लेट आणि स्क्रीन मिळून साधारण ५३ लागतात, आणि तुमच्याकडे प्लेटवर २१५ च आहेत, म्हणजे त्याहून कमी हवेत. ७२ पैकी सुमारे ६४ प्लेटचे धरले आणि प्लेट ते कॅथोड २०४ व्होल्ट, तर १३ वॅट होतात. या व्हॉल्व्हची मर्यादा १२ आहे. बाकीचे व्हॉल्व्ह २० मिलीअँपिअर धरा, तर ईझेड ८० वर ९२ जातात, त्याची मर्यादा ९०. म्हणजे तुमच्या रेडिओत दोन व्हॉल्व्ह आणि दोन ट्रान्सफॉर्मर एकाच वेळी तापत आहेत, आणि कारण एक लहानसा कंडेन्सर.

पिन २ वर शून्य हवं. तिथले अधिक ६.२ दोनच ठिकाणांहून येऊ शकतात: कपलिंग कंडेन्सर गळतोय, किंवा ईएल ८४ च आत गॅसी झाला आहे (निर्वात राहिलेला नाही). ओळखायची पद्धत सोपी. संच बंद करा, ईएल ८४ उपसा, परत चालू करा आणि सॉकेटच्या पिन २ वर मोजा. तुमचा संच ट्रान्सफॉर्मरवाला आहे म्हणून हे करता येतं, यू मालिकेत एक व्हॉल्व्ह काढला की सगळेच विझतात. व्होल्टेज तसंच राहिलं तर कंडेन्सर, शून्य झालं तर व्हॉल्व्ह. ईएल ८४ नसताना एचटी (रेक्टिफायरनंतरचं उच्च व्होल्टेज) बरीच वर चढते, पाऊण मिनिटात मोजून बंद करा.

ओहमवर काही दिसलं नाही कारण मीटर फार थोड्या व्होल्टवर तपासतो. कंडेन्सरवर प्रत्यक्षात शंभराच्या घरात व्होल्ट असतात आणि कागद तेव्हाच गळतो.

माडीवरचा_रेडिओ

ईएल ८४ काढून पिन २ वर ७.४ व्होल्ट. ग्रिडचा रेझिस्टन्स ६८० किलोओहम आहे, ईबीसी ८१ च्या प्लेटवर १००.

कथील_काका

मग कंडेन्सरच. ७.४ भागिले ६८० किलो म्हणजे ११ मायक्रोअँपिअर गळती, हिशेबानं तो कंडेन्सर साडेआठ मेगओहमचा रेझिस्टन्स झालेला आहे. नव्या फिल्म कंडेन्सरला हजारो मेगओहम असतात. १० नॅनोफॅरड ६३० व्होल्टचा लावा. नंतर पिन २ वर शून्य, पिन ३ वर साडेसहा ते साडेसातच्या दरम्यान आणि ईझेड ८० वर २५० च्या वर यायला हवेत. कॅथोडचा १५० ओहम इतका वेळ दीडपट करंटवर तापला आहे, तोही सोडवून मोजा. त्याला समांतर असलेला २५ किंवा ५० मायक्रोफॅरडचा छोटा इलेक्ट्रोलायटिकही बदला, तो वाळलेला असला की आवाज पातळ येतो.

माडीवरचा_रेडिओ

बदलला. पिन २ शून्य, पिन ३ वर ६.९, ईझेड ८० वर २५६. आवाज स्वच्छ झाला, तासभर चालवला, बिघडला नाही. कॅथोड रेझिस्टन्स १५४ निघाला, ठेवला. आता मीडियम वेव्हला खरखर फार आहे, डोळा अंधूक आहे आणि स्टेशन लागलं तरी मिटत नाही. पुणे केंद्र काचेवरच्या जागेपासून बोटभर बाजूला लागतं.

मध्यमलहरी

तीन वेगळी दुखणी आहेत.

खरखर बहुधा घरातलीच. एलईडी बल्ब, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर एकेक बंद करून बघा. मागच्या एरियलच्या सॉकेटला सातआठ मीटर वायर लावून खिडकीबाहेर, भिंतीपासून सुटी टांगा. तुमच्या संचाला अर्थ (अर्थिंगची वायर) जोडायला हरकत नाही, कारण ट्रान्सफॉर्मर आहे. नंबर यू वर संपणाऱ्या संचाच्या चासीला अर्थ कधीही जोडायची नसते. बँड बदलताना कर्र वाजत असेल तर बँड स्विचला आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब देऊन पंधरावीस वेळा फिरवा. गंज काढायचे तेलकट स्प्रे तिथे मारू नका, पट्ट्यांचं पर्टिनॅक्स (राळेत दाबलेला कागद) तेल शोषतं आणि धूळ धरतं.

डोळा मिटत नाही कारण एव्हीसीच्या (स्टेशन जोरात असो वा मंद, आवाज सारखा ठेवणाऱ्या) ओळीवरचा कागदी कंडेन्सर, बहुधा ०.०५ किंवा ०.१, गळत असणार. त्या ओळीत एकदोन मेगओहमचे रेझिस्टन्स असतात, तेव्हा थोडी गळतीही निगेटिव्ह व्होल्टेज खाऊन टाकते. तो बदला. नंतर डोळ्याच्या बेसवरचा ४७० किलोचा रेझिस्टन्स मोजा. हे दोन्ही ठीक असून प्रकाश मंद असेल तर ईएम ८० चा फॉस्फर झिजला आहे, त्याला उपाय नवा व्हॉल्व्ह. ६ई१पी हा रशियन व्हॉल्व्ह त्याच जागी बसतो.

स्टेशनची जागा. पुणे ७९२ किलोहर्ट्झ, म्हणजे तुमच्या काचेवर ३७८.५ मीटर. अलाइनमेंटकडे वळण्याआधी गँग पूर्ण बंद करा आणि काटा पट्टीच्या शेवटच्या खुणेवर येतो का बघा. दोरी घसरून काटाच सरकलेला असतो, दहातल्या सात वेळा. तो जागेवर आणून, लाखेचा थेंब देऊन बसवा. तेवढ्यावर जमलं तर थांबा. त्या तारेच्या ट्रिमरना हात लावू नका: त्यांचं मूल्य कमी करायचं तर तार उलगडून कापावी लागते, आणि कापलेली परत गुंडाळली जात नाही. आयएफटीच्या कोरलाही स्क्रूड्रायव्हर नको. मेणानं बसलेला कोर फुटला की डबाच जातो. शिवाय फिलिप्सच्या अनेक संचांची आयएफ (मधली फ्रिक्वेन्सी) ४५२ किलोहर्ट्झ आहे, ४५५ धरून लावली तर सगळा डायल सरकतो.

चपडालाख

वरची मंडळी आतलं सांगून झाली, मी बाहेरचं. काच काढाल तेव्हा मागच्या बाजूला ओलं फडकं, साबण, स्पिरिट काहीही लावू नका. सिलोन आणि रंगून तिथे रंगानं छापलेले आहेत, जुन्या रंगाचा काचेशी धर सुटलेला असतो आणि अख्खं अक्षर फडक्यावर येतं. मागून फक्त मऊ कोरडा ब्रश, तोही अक्षरं सोडून. पुढून ओलसर कापड चालेल. डायलचे दिवे ६.३ व्होल्ट ०.३ अँपिअरचे असतील तर ०.१५ चे लावा, काचेमागचा रंग कमी तापेल.

दोरी बदलायची असेल तर जुनी काढण्याआधी तिची वाट कागदावर काढा, दांड्यावर किती वेढे आणि कोणत्या बाजूनं तेही. बहुतेक ठिकाणी अडीच असतात. नवी दोरी न ताणणारी घ्या. साधा शिवणकामाचा नायलॉन महिन्याभरात सैल पडतो.

कॅबिनेटला आधी उजेडात उलटं करून भोकं बघा. पिठासारखी भुकटी पडत असेल तर किडा जिवंत आहे: कीडनाशक इंजेक्शनच्या सुईनं भोकाभोकात, आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळून आठवडाभर. वरचं पॉलिश सॅंडपेपरनं घासू नका. विनिअर पातळ असतं, कडेला एका हाताच्या दाबानं खालचं प्लाय दिसायला लागतं. स्पिरिटमध्ये कापसाचा बोळा भिजवून कोपऱ्यात लावून बघा. चिकट झालं तर ते लाखेचं पॉलिश आहे. मग १०० ग्रॅम चपडा लाख अर्ध्या लिटर स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवा, मलमलमधून गाळा आणि सुती गुंडाळीनं पातळ हात द्या, दोन हातांमध्ये तासभर. पावसाळ्यात हे काम करू नका, हवेतल्या ओलीनं लाख पांढरी पडते.

स्पीकरचा कागद फाटला असेल तर टिश्यूची पट्टी आणि निम्मं पाणी घातलेला फेव्हिकॉल. पट्टी चिरेपेक्षा दोन मिलिमीटर जास्त, त्याहून नको, कोन जड होतो. आणि मागचा पुठ्ठा नवा कराल तेव्हा भोकं भरपूर ठेवा, ईएल ८४ आणि ईझेड ८० च्या बरोबर मागे जास्त.